पोस्टग्रेस : नित्याच्या कांहीं शंका

हिशेबाची वही, सभासदांचें पुस्तक आणि ग्रंथांची यादी, ह्या तीन वस्तु ज्या वाचनालयाच्या कपाटांत नीट लावलेल्या असतात, त्या वाचनालयाची निम्मी काळजी मिटलेली असते. चिटणीस बदलतात, कारकून निवृत्त होतात, जागाही बदलते. परंतु कोणत्या सभासदाची किती अनामत संस्थेकडे आहे व कोणतें पुस्तक कोणाच्या घरीं आहे, हें वही सांगूं शकली कीं संस्था उभी राहते. आतां ही वही संगणकांत गेली आहे. कागदाच्या वहीला वाळवी लागे, पावसाची ओल लागे. पण ती उघडून पाहण्यास कोणाचें साह्य लागत नसे. संगणकांतल्या वहीला वाळवी लागत नाहीं. मात्र तिच्या मालकाला शंका फार छळतात. अशा नित्याच्या कांहीं शंकांचा परामर्श घेणें हा ह्या भाषणाचा हेतु आहे, आणि त्याला निमित्त आहे पोस्टग्रेस-क्यू-एल ह्या नांवाची मुक्त डेटाबेस-प्रणाली.

विवेचनाच्या सोयीसाठीं शहरांतील एका मध्यम वाचनालयाची कल्पना करावी. सभासद १,२०० व ग्रंथ १८,००० आहेत असें धरावें. चिटणीस निवृत्त शिक्षक आहेत. आणि सभासदांपैकीं एकाचा कॉलेजांत शिकणारा मुलगा संध्याकाळीं येऊन वह्या संगणकावर चढविण्याचें काम हौसेनें करीत आहे. पहिली शंका अर्थातच चिटणीसांची असते. ते म्हणतात, “अरे, यादी तर साध्या एक्सेलच्या पानावरही लिहितां येते. मग हा हत्ती दारांत कशाला बांधायचा?” पोस्टग्रेसचें बोधचिन्ह खरोखरीच हत्तीचें मस्तक आहे, हें चिटणीसांना ठाऊक नसतें, पण उपमा नेमकी बसते.

शंका रास्त आहे. यादी लहान असेल, लिहिणारा एकच असेल, आणि ती वर्षांतून चार वेळां पाहावयाची असेल, तर साधें पान पुरे. परंतु देवघेवीच्या प्रत्येक ओळींत सभासदाचें नांव व पत्ता पुन्हा लिहावा लागला, म्हणजे एका माणसाचे तीन पत्ते होण्यास वेळ लागत नाहीं. एका ओळींत जुनें घर, दुसरींत नवें, तिसरींत नांवांतच चूक. ह्यांतलें खरें कोणतें तें मग कोणालाच सांगतां येत नाहीं. ह्या दुखण्यावरील उपाय एडगर कॉड ह्या गणितज्ञानें १९७० सालीं एका निबंधांत मांडला. आय. बी. एम. ह्या कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील सॅन होसे येथील प्रयोगशाळेंत ते काम करीत होते. त्यांच्या मांडणीचें सार घरगुती भाषेंत असें सांगतां येईल कीं, प्रत्येक प्रकारच्या वस्तूचें एक स्वतंत्र कोष्टक असावें. प्रत्येक ओळीला तिची ओळख पटविणारी एक खूण असावी. आणि एका कोष्टकानें दुसऱ्याची आठवण ठेवावयाची ती केवळ त्या खुणेनें. सभासदांचें एक कोष्टक, ग्रंथांचें दुसरें, देवघेवीचें तिसरें. देवघेवीच्या ओळींत नांव नाहीं, पत्ता नाहीं. फक्त सभासद-क्रमांक, ग्रंथ-क्रमांक व तारीख. पत्ता बदलला तर तो एकाच ठिकाणीं बदलतो आणि सर्वत्र बदललेला दिसतो. शिवाय तसा नियम एकदां घालून दिला, म्हणजे अस्तित्वांत नसलेल्या सभासदाच्या नांवावर पुस्तक चढवूं गेल्यास प्रणाली तें साफ नाकारते. आणि ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याचें नांव खोडूं गेल्यास तेंही नाकारते. कागदाच्या वहीनें आपल्या कारकुनाला असें कधीं अडविलें नाहीं.

दुसरी शंका पैशाची. “विनामूल्य म्हणतोस, पण ह्याचा मालक कोण? उद्यां त्यानें भाडें मागितलें तर?” ह्याचें उत्तर प्रणालीच्या इतिहासांत आहे. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग ह्यांनीं कॉडच्या कल्पनेवर आधारलेली ‘इंग्रेस’ नांवाची प्रणाली बांधली होती. तिच्या पुढची म्हणून ‘पोस्टग्रेस’. हें दुसरें काम स्टोनब्रेकर ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं १९८६ सालीं सुरू झालें. विद्यापीठांतील प्रकल्प संपल्यावर १९९४ मध्यें अँड्र्यू यू व जॉली चेन ह्या दोघां विद्यार्थ्यांनीं त्या प्रणालीला एस-क्यू-एल ही सर्वमान्य प्रश्नभाषा शिकविली, आणि १९९६ सालीं दोन्ही नांवें जोडून ‘पोस्टग्रेस-क्यू-एल’ हें नांव रूढ झालें. उच्चार लांबलचक वाटल्यास नुसतें ‘पोस्टग्रेस’ म्हटलें तरी चालतें. जाणकारही तसेंच म्हणतात. तेव्हांपासून अनेक देशांतील लोक मिळून ती वाढवीत आहेत. तिची मालकी कोणा एका कंपनीकडे नाहीं. तिचा परवाना अगदीं थोडक्या शब्दांचा आहे : कोणीही वापरावी, बदलावी, वांटावी, आपल्या विक्रीच्या मालांतही घालावी, मूल्य द्यावें लागत नाहीं, फक्त मूळ परवान्याचा मजकूर बरोबर ठेवावा. दिलेली प्रत परत मागण्याची सोयच त्यांत नाहीं. परंतु त्याच परवान्यांत दुसरेंही एक वाक्य आहे, तें चिटणीसांनीं विसरूं नये : नुकसान झाल्यास कर्त्यांवर जबाबदारी नाहीं. म्हणजे धान्य फुकट मिळालें, तरी कोठाराची राखण ज्याची त्यानें करावयाची. राखणीला मोबदला घेऊन साह्य करणाऱ्या कंपन्या आहेत. पण वाचनालयासारख्या संस्थेला बहुधा स्वतःच्या शिस्तीवरच विसंबावें लागतें.

प्रणाली संगणकावर उतरविली कीं तिसरी शंका लगेच उभी राहते : दार उघडत नाहीं. नवशिक्यांचा निम्मा उत्साह येथेंच संपतो, आणि तोही नाकारणाऱ्या वाक्याकडे नीट लक्ष न दिल्यामुळें. नकाराचे दोन प्रकार आहेत. ‘जोडणी नाकारली’ असा निरोप आला तर प्रणाली चालूच नाहीं, किंवा विचारणाऱ्याच्या बाजूचें दार तिनें उघडलेलें नाहीं, असें समजावें. मुळांत ती फक्त स्वतःच्याच संगणकावरून आलेली हांक ऐकते. शेजारच्या टेबलावरील संगणकाला ओ द्यावयाची, तर तसें तिच्या मांडणी-पत्रकांत लिहावें लागतें. उलट ‘ओळख पटली नाहीं’ असा निरोप आला, तर घर सांपडलें आहे, पण दरवानानें ओळखलेलें नाहीं. लिनक्सवर पुष्कळदां संगणकावरील नांव आणि डेटाबेसमधील नांव एकच असावें अशी अट असते. तें नांव आंत नोंदविलें कीं दार उघडतें. कंटाळून ‘सर्वांवर विश्वास ठेवावा’ असा नियम लिहिण्याचा मोह पुष्कळांना होतो. बाहेरच्या जाळ्याला जोडलेल्या संगणकावर असा नियम लिहिणें म्हणजे तिजोरीची किल्ली जिन्यांत टांगण्यासारखें आहे.

आंत गेल्यावर एक किरकोळ पण हमखास अडचण येते. कोष्टकाचें नांव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलें, तर प्रणाली तें निमूटपणें लहान अक्षरांत वळवून घेते. तेंच नांव अवतरणचिन्हांत लिहिलें तर जसेंच्या तसें ठेवते. आणि मग जन्मभर तें अवतरणचिन्हांतच लिहावें लागतें, नाहीं तर ‘असें कोष्टक नाहीं’ म्हणून उत्तर मिळतें. उपाय सोपा आहे : नांवें प्रथमपासून लहान अक्षरांत ठेवावीं.

मराठी नांवांच्या बाबतींत मात्र थोडें थांबावें लागतें. सभासदाच्या नांवासाठीं दहा अक्षरांची जागा ठेवली, तर ‘लक्ष्मीबाई’ हें नांव तींत मावेल काय? डोळ्यांना त्यांत चारच अक्षरें दिसतात. संगणक मात्र ल, क, हलन्त-चिन्ह, ष, पुन्हा हलन्त-चिन्ह, म, दीर्घ ईकार, ब, काना व ई अशीं दहा चिन्हें मोजतो. म्हणजे जागा काठोकाठ भरली. पुढें आडनांव लिहूं गेल्यास प्रणाली ओळ नाकारील. पोस्टग्रेसमध्यें ‘टेक्स्ट’ ह्या नांवाचा रकाना लांबीची मर्यादा न घालतां ठेवतां येतो, व त्यानें वेग कमी होत नाहीं. म्हणून नांवा-पत्त्यांना तोच द्यावा. दुसरी गोष्ट अनुक्रमाची. युनिकोड ह्या जागतिक लिपि-कोष्टकांत ‘ळ’ हें अक्षर ‘ल’ च्या लगेच पुढें आहे; मराठी मुलांना तें ‘ह’ नंतर शिकविलें जातें. नुसत्या चिन्ह-क्रमांकांनीं यादी लाविली, तर ती मराठी वाचकाला जागोजाग चुकलेली वाटेल. अनुक्रमाचा नियम भाषेप्रमाणें निवडण्याची सोय प्रणालींत आहे. आय-सी-यू नांवाच्या सर्वभाषी नियमसंग्रहाची जोड तिला २०१७ सालच्या १० व्या आवृत्तीपासून मिळाली आहे. कोष्टकें बांधतांनाच हा नियम ठरवावा. वर्षभरानें ठरविल्यास सूच्या पुन्हा बांधाव्या लागतात.

आतां एक शंका अशी, कीं जिच्यामुळें माणसें यादींतून हरवतात. काही सभासदांचें गांव वहींत लिहिलेलेंच नव्हतें. तो रकाना मोकळा राहिला. ह्या मोकळेपणाला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरा शब्दही नव्हे. नल म्हणजे ‘ठाऊक नाहीं’. मुंबईबाहेरच्या सभासदांना पत्र पाठवावयाचें म्हणून ‘ज्यांचें गांव मुंबई नाहीं त्यांची यादी दे’ असें विचारलें, तर मोकळ्या रकान्याचा सभासद त्या यादींत येत नाहीं. ‘ज्यांचें गांव मुंबई आहे’ असें विचारलें, तरीही येत नाहीं. प्रणालीचें म्हणणें इतकेंच असतें कीं, ज्याचें गांव ठाऊक नाहीं तो मुंबईचा आहे असेंही म्हणतां येत नाहीं आणि नाहीं असेंही म्हणतां येत नाहीं. तर्क निर्दोष आहे. पण बिचाऱ्या सभासदाला पत्र मिळत नाहीं. नलाशीं बरोबरीचें चिन्ह लावून कांहीं सांपडत नाहीं. त्याचा शोध ‘इज नल’ ह्या शब्दांनींच करावा लागतो. त्याच विचारानें अनामतीचा रकाना मोकळा ठेवूं देऊं नये. अनामत नसेल तर स्पष्ट शून्य लिहावें. आणि रुपये-पैशांसाठीं ‘न्युमेरिक’ हाच प्रकार घ्यावा. ‘फ्लोट’ हा प्रकार शास्त्रीय मोजमापांसाठीं आहे. त्यांत दहा पैशांसारखा साधा अपूर्णांकही तंतोतंत मावत नाहीं, आणि बेरजेंत कधीं तरी ती चूक वर येते.

पावत्यांच्या क्रमांकांची शंका हिशेबतपासनीसांकडून येते. पावती ४१७ आहे, ४१९ आहे. ४१८ कोठें आहे? कागदी पावतीपुस्तकांत असें झालें असतें तर कारकुनाकडे संशयानें पाहिलें गेलें असतें. पोस्टग्रेसमध्यें क्रमांक देणारें एक यंत्र असतें. तें प्रत्येक मागणीला पुढचा आंकडा देतें आणि दिलेला आंकडा कधींच परत घेत नाहीं. कोणी पावती करावयास घेतली, मध्येंच वीज गेली किंवा चूक सांपडली म्हणून व्यवहार रद्द झाला, तर ओळ नाहींशी होते, पण आंकडा खर्ची पडतो. असें न करावें, तर पहिल्या माणसाचा व्यवहार पुरा होईपर्यंत मागच्या सर्वांना रांगेंत उभें राहावें लागेल. तेव्हां खंड पडला म्हणजे पैसे गेले असें नव्हे. परंतु पावतीला अखंड क्रमांक पाहिजेच असेल, तर त्यासाठीं एक ओळीचें स्वतंत्र कोष्टक करून, त्या ओळीला कुलूप लावून, एकेकालाच क्रमांक द्यावा. वेग थोडा कमी होईल. वाचनालयाच्या खिडकीवर तें जाणवणार नाहीं.

वेगाची तक्रार मात्र दुसऱ्या ठिकाणाहून येते. ग्रंथांची यादी वाढली कीं शोध मंद होतो. पुस्तकाच्या शेवटीं सूची नसेल तर एका शब्दासाठीं सर्व पानें चाळावीं लागतात, तसेंच हें आहे. मुख्य खुणेची सूची प्रणाली आपणहून बांधते. पण देवघेवीच्या कोष्टकांतील सभासद-क्रमांकाची सूची ती आपणहून बांधीत नाहीं. ती मागावी लागते, आणि पुष्कळांच्या मंदपणाचें मूळ एवढेंच असतें. ‘एक्सप्लेन’ हा शब्द प्रश्नाच्या आधीं लिहिला कीं प्रणाली आपण कोणत्या वाटेनें जाणार तें सांगते. कोष्टक लहान असल्यास सूची असूनही ती सर्व पानें चाळते. तेंच स्वस्त पडतें, म्हणून त्यांत दोष शोधूं नये. ग्रंथनामाच्या मधल्याच एखाद्या शब्दावरून शोध घ्यावयाचा असेल, तर साधी सूची उपयोगी पडत नाहीं; त्यासाठीं तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडणारी निराळी सूची जोडतां येते. मात्र प्रत्येक रकान्याला सूची लावीत सुटूं नये. नवी ओळ लिहितांना प्रत्येक सूचींतही नोंद करावी लागते, आणि तो भार रोजचा असतो.

आतांपर्यंतच्या शंका त्रासाच्या होत्या. पुढची शंका संकटाची आहे. शनिवारची संध्याकाळ आहे असें समजावें. एका सभासदानें अनामत वाढविली. दोनशेंचे पांचशें रुपये केले. मुलगा आज्ञा लिहितो : सभासदांच्या कोष्टकांत अनामत ५०० करावी. कोणत्या सभासदाची, हें सांगणारा ‘व्हेअर’ चा भाग लिहावयाचा राहून जातो. प्रणाली क्षणभरांत उत्तर देते : अपडेट १२००. ज्यांनीं शंभर रुपये ठेवले होते त्यांचेही पांचशें झाले, आणि ज्यांनीं हजार ठेवले होते त्यांचेही पांचशेंच झाले. संगणकाचें ह्यांत कांहीं चुकलेलें नाहीं. सांगितलें तें त्यानें केलें. पण ते पैसे संस्थेचे नव्हते. ते सभासदांनीं विश्वासानें ठेवलेले होते, आणि तो विश्वास ज्या ओळींत लिहिला होता त्या ओळी आतां खोटें बोलत आहेत.

अशा वेळीं विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : हें परत फिरवितां येतें काय? उत्तर असें कीं, आज्ञा व्यवहाराच्या चौकटींत दिली असेल तर येतें. ‘बिगिन’ म्हणून आरंभ करावा, आज्ञा द्यावी, किती ओळी बदलल्या तो आंकडा वाचावा. एक अपेक्षित असतांना १,२०० दिसले, तर ‘रोलबॅक’ म्हणावें. सर्व पूर्ववत् होतें, आणि मधल्या काळांत दुसऱ्या कोणालाही तो गोंधळ दिसलेला नसतो. एक दिसला, तर ‘कमिट’ म्हणावें; मग वीज गेली तरी ती नोंद टिकते, कारण पुरी होण्यापूर्वींच ती एका अखंड रोजनाम्यांत लिहिली गेलेली असते. परंतु ‘बिगिन’ म्हटलेलें नसेल, तर प्रत्येक आज्ञा स्वतःच पुरी होऊन जाते, आणि पुरी झालेली आज्ञा परत घेणारा शब्द ह्या भाषेंत नाहीं.

येथें कोणी हुशार विद्यार्थी म्हणेल कीं, पोस्टग्रेस जुनी ओळ लगेच पुसत नाहीं. नवी लिहून जुनी बाजूला ठेवते, मग ती तर तेथेंच असेल. हें खरें आहे. एक जण लिहीत असतांना दुसऱ्याला अडथळा न होतां वाचतां यावें म्हणून ही योजना आहे. पण त्या जुन्या ओळी कोणाच्या उपयोगासाठीं ठेवलेल्या नसतात; ‘व्हॅक्यूम’ नांवाचा झाडूवाला येऊन त्यांची जागा मोकळी करतो. २००८ सालच्या ८.३ ह्या आवृत्तीपासून तो मूळ मांडणींतच आपणहून फेऱ्या घालीत असतो. त्याला बंद करण्याचा शहाणपणा कोणी करूं नये. ‘पुष्कळ ओळी खोडल्या तरी डिस्कवरची जागा कमी कां होत नाहीं’ ह्या नेहमींच्या शंकेचें उत्तरही येथेंच आहे. झाडलेली जागा बहुधा संगणकाला परत जात नाहीं. त्याच कोष्टकाच्या पुढच्या ओळींसाठीं राखून ठेवली जाते. ती सक्तीनें परत मिळविणारी ‘व्हॅक्यूम फुल’ ही आज्ञा आहे. पण ती सर्व कोष्टक नव्यानें लिहिते व तोंपर्यंत त्याला पक्कें कुलूप लावते. ती सुटीच्या दिवशींच द्यावी.

तेव्हां शनिवारच्या संकटांतून सोडविणारी वस्तु एकच : आदल्या रात्रीं काढून ठेवलेली प्रत. येथें चिटणीस व मुलगा ह्यांचा संवाद बहुधा असा होतो.

“प्रत आहे ना रे?”

“आहे, काका. रोज रात्रीं आपोआप निघते.”

“ती उघडून पाहिली होतीस कधीं?”

ह्या प्रश्नावर जी शांतता पसरते, तींत पुष्कळ संस्थांचें भवितव्य लपलेलें असतें. पहिली चूक अशी होते कीं, प्रणाली चालू असतांनाच तिच्या दफ्तराच्या फायली तशाच उचलून ठेवल्या जातात. अशी प्रत विश्वासाची नसते; कांहीं पानें लिहिण्यापूर्वींचीं व कांहीं नंतरचीं असतात. ‘पीजी-डम्प’ हें प्रणालीचें स्वतःचें साधन एका क्षणाचें अखंड चित्र काढतें, आणि तेंही चालू कामाला न थांबवितां. दुसरी चूक म्हणजे प्रत त्याच डिस्कवर ठेवणें. डिस्क गेली कीं दोन्ही गेलीं. तिसरी, शेजारीं दुसरा संगणक जोडून त्यावर क्षणोक्षणीं नक्कल उतरविणें व तिलाच प्रत समजणें. अशी नक्कल यंत्र बिघडल्यास तारते. पण चुकीची आज्ञाही ती तितक्याच निष्ठेनें उतरवून घेते. चौथी चूक लहान आहे : पीजी-डम्पमध्यें एका डेटाबेसची माहिती असते, पण कोणाला प्रवेश आहे त्या नांवांची यादी नसते, ती ‘पीजी-डम्प-ऑल’ नें वेगळी काढावी लागते.

प्रत खरी निघाली असें धरून पुढचें पाऊल शांतपणें टाकावें. ती चालू डेटाबेसवर ओतूं नये. तसें केल्यास शनिवारच्या दिवसभराच्या नोंदी पुसल्या जातील. नव्या नांवाचा रिकामा डेटाबेस करून तींत प्रत उतरवावी. मग तेथून प्रत्येक सभासद-क्रमांकाची अनामत तेवढी उचलून चालू कोष्टकांत बसवावी, आणि ह्या वेळीं ‘बिगिन’ म्हणण्यास विसरूं नये. शनिवारीं ज्यांनीं पैसे भरले त्यांच्या पावत्या कागदावर असतीलच. त्या हातांनीं लावाव्या. रात्रीं नऊपर्यंत वही पुन्हा खरें बोलूं लागते. ज्या संस्थांना एका दिवसाचीही तूट परवडत नाहीं, त्यांनीं मूळ प्रतीबरोबर तो अखंड रोजनामाही सांठवीत जावा. मग चुकीच्या आज्ञेच्या अलीकडच्या मिनिटापर्यंत परत जाऊन थांबतां येतें. आणि लहानमोठ्या सर्वांनीं एक नियम पाळावा : महिन्यांतून एकदां प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून तींतील सभासदांची संख्या व अनामतीची बेरीज मूळ वहीशीं ताडून पाहावी. उतरवून पाहिलेली नाहीं ती प्रत नव्हे. ती केवळ आशा आहे.

शेवटची शंका आवृत्त्यांची. ‘चालतें आहे तें कशाला बदलावें?’ असें पुष्कळ म्हणतात. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ति साधारणतः वर्षांतून एकदां निघते, आणि तिच्या दुरुस्त्या पांच वर्षें पुरविल्या जातात. आंकडा कसा वाचावा तें एकदां समजलें कीं भय उरत नाहीं. १६.३ वरून १६.४ वर जाणें म्हणजे केवळ दुरुस्ती; कार्यक्रम बदलून प्रणाली पुन्हा सुरू केली कीं झालें, आणि असें जाणें टाळूं नये, कारण ह्या दुरुस्त्यांत सुरक्षिततेचीं छिद्रें बुजविलेलीं असतात. १६ वरून १७ वर जाणें म्हणजे घर बदलणें. त्यासाठीं ‘पीजी-अपग्रेड’ नांवाचें साधन तरी वापरावें लागतें, किंवा प्रत काढून नव्या घरांत उतरवावी लागते. पांच वर्षांत एकदां तरी हें घर बदलावें, व बदलण्यापूर्वीं त्याची तालीम करावी.

वाचनालयाच्या चिटणीसांना हें सर्व ऐकून वाटेल कीं, कागदाची वही पुष्कळ सोपी होती. ती सोपी होती, कारण तिची राखण करण्याच्या चालीरीती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या होत्या : शाईनें लिहावें, खाडाखोड करूं नये, चूक झाल्यास रेघ मारून सही करावी, वर्षाअखेर बेरीज ताडावी, आणि रात्रीं कपाटाला कुलूप लावावें. नव्या वहीलाही ह्याच चालीरीती लागतात. केवळ त्यांचीं नांवें बदललीं आहेत. शनिवारच्या त्या रात्रीं मुलानें आपल्या टेबलासमोर एक चिठ्ठी चिकटविली, अशी कल्पना करावी. तिच्यावर तीनच ओळी असाव्या : आधीं ‘बिगिन’, मग आंकडा वाचावा, महिन्याच्या पहिल्या रविवारीं प्रत उतरवून पाहावी. चिटणीसांनीं ती वाचली, चष्मा पुसला, आणि तिच्याखालीं स्वतःच्या अक्षरांत चौथी ओळ लिहिली : पैसे सभासदांचे आहेत.